एक पावती पोलिसाची, एक पावती बारची

मराठीतला ‘पावती’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. दुकानदार हातात देतो ती पावती आणि चौकात मामा फाडतो तीही पावतीच. या लेखात दोन्ही पावत्या आहेत, आणि एक दुसरीला कशी कापते हे त्यातून सांगायचं आहे.

आधीच सांगून टाकते, रेक्टर सरांनी काळजी करू नये. प्यावं की पिऊ नये, यावर हा लेख नाही. प्रश्न कायद्याचा आहे आणि थोडा इंजिनिअरिंगचाही आहे. एका ठिकाणी जी गोष्ट करायला कायद्याची पूर्ण परवानगी आहे ती तुम्ही केलीत. मग तुम्ही अशा ठिकाणी आलात जिथे तुमच्या वयाला ती परवानगी नाही. तर तुम्ही गुन्हा केला का?

सिनेमा, लॉटरी, जुगार यांच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. तिथे पाहिला, तिथे खेळला, तिथेच संपलं. दारूचं तसं नाही. ती रक्तात बसून तुमच्याबरोबर हद्द ओलांडते. पासपोर्ट तुमचा तपासतात, तिचा कुणी तपासत नाही, आणि दोन तासांनी ती भलत्याच गावच्या पोलिसाला नाकाने कळते!

नदी एक, वयं दोन

या प्रश्नासाठी जगात सगळ्यात सोयीची जागा म्हणजे अमेरिकेतलं डेट्रॉईट आणि कॅनडातलं विंडसर. मधे फक्त डेट्रॉईट नदी. नकाशा उघडलात तर आणखी एक गंमत दिसेल. इथे कॅनडा अमेरिकेच्या चक्क दक्षिणेला आहे. १९२९ साली नदीवर अँबॅसेडर ब्रिज झाला आणि १९३० साली नदीखालून बोगदा. गाडीने काही मिनिटांत माणूस एका देशातून दुसऱ्या देशात जातो.

डेट्रॉईट मिशिगन राज्यात आहे. तिथे दारूसाठी कायदेशीर वय २१. विंडसर ओंटारिओ प्रांतात आहे, तिथे १९. हे आकडे काही आकाशातून पडलेले नाहीत. ओंटारिओने १९७१ साली वय १८ केलं आणि १९७९ साली ते १९ वर नेलं. मिशिगननेही १९७२ साली १८ केलं होतं, म्हणजे काही वर्षं दोन्ही काठांवर एकच वय होतं. मग १९७८ साली मिशिगनच्या लोकांनी मतदान करून ते २१ केलं. पुढे १९८४ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने कायदा केला की ज्या राज्यात २१ च्या आतल्यांना दारू विकत घेता येते किंवा उघडपणे बाळगता येते, त्या राज्याचा हायवेचा निधी कापू. साउथ डकोटा राज्य याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७ साली ७ विरुद्ध २ मतांनी हरलं. पैसा बंद म्हटल्यावर कोण काय करणार? १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली.

पण त्या केंद्रीय कायद्यातले शब्द नीट वाचा. विकत घेणं आणि उघडपणे बाळगणं. पिणं हा शब्द त्यात नाही. पिण्याचं काय करायचं ते प्रत्येक राज्याने आपापलं ठरवलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आमच्या दादाची केस

डेट्रॉईटच्या आसपास मोटारींच्या कंपन्यांमुळे मराठी इंजिनिअर भरपूर आहेत. माझे काका त्यातलेच एक. माझा मावसभाऊ तिथेच जन्मला, तिथेच शिकला. ही गोष्ट घडली तेव्हा तो वीस वर्षांचा होता, म्हणजे आज माझं जे वय आहे तेच.

मित्राचा वाढदिवस म्हणून तिघं विंडसरला गेले. रात्री नऊला बसले. दादाने तीन बिअर घेतल्या, कार्डाने बिल दिलं. गाडी चालवणारा मित्र थेंबभरही प्यायला नव्हता. बोगद्यातून परत आले. साडेबाराच्या सुमारास एका उपनगरात त्यांची गाडी थांबवली, कारण मागचा एक दिवा बंद होता. पोलिसाला वास आला. त्याने तिघांची वयं विचारली, ड्रायव्हरचा श्वास तपासला, तो शून्य. मग दादाला म्हणाला, फुंकतोस का? दादाने फुंकलं. आकडा आला ०.०३. गाडीत बाटली नाही, कॅन नाही, काही नाही. तरी अल्पवयात अंगात दारू असल्याची पावती फाडली.

मावशीचं म्हणणं साधं होतं. शंभर डॉलरचा तर मामला आहे, भरून टाक आणि विषय संपव. आपल्याकडचं कुणीही हेच म्हणेल. दादा म्हणाला, “आई, मी तिथे कायद्याने प्यायलो. पैसे भरले म्हणजे मी चूक केली असं मी स्वतः लिहून दिलं.” घरात दोन दिवस यावरून बोलणं बंद होतं. शेवटी काका म्हणाले, आधी कायदा वाचू, मग भांडू. आणि कायद्यात त्यांना जे सापडलं त्यामुळेच हा लेख लिहायचं माझ्या डोक्यात आलं.

कलम ७०३ मधलं एक वाक्य

मिशिगनचा दारूविषयीचा कायदा १९९८ चा आहे. त्यातल्या कलम ७०३ प्रमाणे २१ च्या आतल्या व्यक्तीने दारू विकत घेणं, पिणं, बाळगणं याला तर बंदी आहेच, शिवाय ‘अंगात दारूचा अंश असणं’ यालाही बंदी आहे. अंश म्हणजे किती? १०० मिलिलिटर रक्तात ०.०२ ग्रॅम किंवा जास्त. म्हणजे पोलिसाने तुम्हाला पिताना पाहायची गरजच नाही. तुमचं शरीर हाच मुद्देमाल!

आता गंमत बघा. त्याच कलमात पुढे एक बचाव दिलेला आहे. अंगात अंश असल्याबद्दल खटला असेल आणि त्या अल्पवयीन व्यक्तीने जिथे पिणं कायदेशीर आहे अशा ठिकाणी दारू प्यायली असेल, तर तो बचाव धरला जातो. विंडसरचं नाव तिथे लिहिलेलं नाही. पण नदीपलीकडे १९ वय आहे आणि ते कायदेशीर आहे, हे सगळ्या मिशिगनला माहीत आहे.

मात्र हा बचाव आपोआप मिळत नाही. ‘मी केलं नाही’ असं म्हणण्यापेक्षा तो वेगळा आहे. यात तुम्ही म्हणता की हो, अंगात दारू होती, पण त्याला हे कारण आहे, आणि कायद्याला ते कारण मान्य आहे. असं म्हटलं की पुरावा द्यायचं काम तुमच्याकडे येतं. नुसतं “साहेब, मी तिकडे प्यायलो” एवढं पुरत नाही. तसं तर कुणीही म्हणेल.

यंत्राला काय कळतं?

आता थोडं आपल्या विषयाकडे. पोलिसाच्या हातातल्या छोट्या यंत्रात बहुतेक वेळा फ्युएल सेल असतो. श्वासातलं अल्कोहोल प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइझ होतं, त्याचं अॅसेटिक अॅसिड होतं आणि इलेक्ट्रॉन सुटतात. करंट किती आला त्यावरून अल्कोहोल किती ते कळतं. फुप्फुसात रक्त आणि हवा समोरासमोर येतात, त्यामुळे श्वासातलं प्रमाण रक्तातल्या प्रमाणाशी बांधलेलं असतं. हिशोबासाठी २१०० ला १ हे गुणोत्तर धरतात. म्हणून कायद्यात १०० मिलिलिटर रक्त आणि २१० लिटर श्वास एकमेकांच्या बरोबरीने लिहिलेले असतात. तोंडात नुकतीच दारू किंवा माउथवॉश असेल तर आकडा खोटा वर जातो, म्हणून फुंकण्याआधी साधारण पंधरा मिनिटं थांबायची पद्धत आहे.

हे सगळं करून यंत्र एकच गोष्ट सांगतं, किती. कधी ते सांगत नाही. कुठे ते तर मुळीच सांगत नाही. इथेनॉलच्या रेणूवर ओंटारिओचा शिक्का नसतो. दादाच्या केसमध्ये सगळा वाद त्या ‘कुठे’ वर होता आणि पोलिसाकडे पुरावा होता फक्त ‘किती’ चा.

वहीतलं गणित

किती वरून कधीकडे मात्र अंदाजाने जाता येतं. एरिक विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३२ साली सूत्र मांडलं, ते आजही वापरतात. प्यायलेलं अल्कोहोल ग्रॅममध्ये घ्या. त्याला शरीराचं वजन गुणिले एक गुणक, याने भागा. पुरुषांसाठी गुणक साधारण ०.६८ आणि बायकांसाठी ०.५५, कारण शरीरातल्या पाण्याचं प्रमाण वेगळं असतं. मग दर तासाला सुमारे ०.०१५ वजा करा, कारण यकृत त्या वेगाने काम करतं. कॉफी प्या, लिंबू चोखा, थंड पाण्याने आंघोळ करा, यकृताला त्याचं काही देणंघेणं नाही.

कॅनडातली बिअरची नेहमीची बाटली ३४१ मिलिलिटरची, ५ टक्क्यांची. घनता ०.७८९ धरली तर एका बाटलीत साडेतेरा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल येतं. तीन बाटल्यांत ४०.४ ग्रॅम. दादाचं वजन ७० किलो.

४०.४ भागिले (७०,००० गुणिले ०.६८), गुणिले १००. उत्तर सुमारे ०.०८५. नऊ ते साडेबारा म्हणजे साडेतीन तास, त्यात ०.०५२ गेलं. उरलं ०.०३३. यंत्र म्हणालं ०.०३. विंडसरच्या बिलावर जेवढ्या बिअर होत्या तेवढ्यांनी हा आकडा पूर्ण होतो, म्हणजे अलीकडे येऊन आणखी काही प्यायल्याची त्यात जागा उरत नाही.

आणखी एक बघा. ०.०२ च्या खाली यायला याच गणिताने चार तास वीस मिनिटं लागतात. म्हणजे रात्री एक वीसला. तो मागचा दिवा पन्नास मिनिटांनी दिसला असता तर केसच झाली नसती!

आता हेच गणित आमच्या लेडीज हॉस्टेलसाठी करून ठेवते. वजन ५५ किलो, त्याच तीन बिअर, तेवढाच वेळ. साडेतीन तासांनीही उत्तर ०.०८ च्या वर येतं, म्हणजे तिथल्या मोठ्या माणसाच्या ड्रायव्हिंगच्या मर्यादेएवढं. “आम्हीपण तेवढीच घेतली” या वाक्यात फिजिक्स बसत नाही. आणि हा सगळा अंदाज आहे हेही लक्षात ठेवा. जेवण, थकवा, माणसामाणसातला फरक यांनी आकडा बराच हलतो.

पावती आली की तीन रस्ते

मिशिगनमध्ये २०१७ संपेपर्यंत अशी पहिली पावतीसुद्धा फौजदारी गुन्हा होती. १ जानेवारी २०१८ पासून पहिल्या वेळी ती दिवाणी उल्लंघन झाली, दंड १०० डॉलरपर्यंत. दुसऱ्या वेळेपासून मात्र ती फौजदारी आहे. तेव्हा दंड २०० डॉलरपर्यंत जातो. मावशीच्या ‘भरून टाक’ मधली अडचण इथे होती. पहिली मुकाट्याने मान्य केली की पुढची ‘दुसरी’ ठरते.

अशा पावतीला उत्तर देण्याचे तीन मार्ग आहेत. एक, मान्य. दोन, मान्य पण कारण सांगतो. तीन, अमान्य. दुसरा मार्ग फसवा आहे. कारण सांगितलं तरी तुम्ही मान्यच केलेलं असतं, फार तर दंड कमी होईल. ज्याला बचाव घ्यायचा आहे त्याने अमान्य म्हणायला हवं, तेही पावतीवर दिलेल्या मुदतीत. मुदत चुकली तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागतो.

अमान्य म्हटल्यावर सुनावणी. ती दोन प्रकारची असते. साधी सुनावणी मॅजिस्ट्रेटपुढे होते, तिथे वकील नसतात. रीतसर सुनावणी जिल्हा न्यायाधीशापुढे होते, तिथे वकील घेता येतो. ज्यूरी दोन्हीकडे नाही. आणि फौजदारीसारखा ‘संशयापलीकडे’ पुरावा इथे लागत नाही. ज्याचं पारडं जरा जड, त्याच्या बाजूने निकाल.

दादाने रीतसर सुनावणी मागितली आणि काकांनी एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी पहिल्यांदा दादाचं विडमार्कचं गणित बाजूला ठेवलं. म्हणाल्या, हे मांडायला तज्ज्ञ साक्षीदार लागेल, विद्यार्थ्याच्या वहीला कोर्टात किंमत नाही. (हे ऐकून मला आमच्या व्हायवाची आठवण झाली!) त्यांनी मागितलं ते वेगळंच. बारचं बिल, त्यावर तारीख, वेळ आणि काय घेतलं ते. कार्डाचं स्टेटमेंट, त्यात तेच दुकान आणि तीच रक्कम. बोगद्याच्या टोलचा पुरावा. दादाचं वय दाखवणारं ओळखपत्र, म्हणजे तो १९ च्या वर होता हे. आणि गाडी चालवणारा मित्र, जो शुद्धीत होता आणि नऊपासून साडेबारापर्यंत बरोबर होता.

सुनावणीत पोलिसाने खरं तेच सांगितलं. वास आला, विचारलं, फुंकून घेतलं, गाडीत काही सापडलं नाही. तो खोटं बोलला नाही हे दादानेही मान्य केलं. फक्त दारू कुठे प्यायली हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते दाखवणारे कागद दुसऱ्या बाजूला होते. मित्राची साक्ष झाली. न्यायाधीशांनी बिलावरची वेळ आणि टोलची वेळ ताडून पाहिली आणि दादाला जबाबदार धरलं नाही. बारच्या पावतीने पोलिसाची पावती कापली.

वकिलाची फी दंडापेक्षा बरीच जास्त झाली, हेही लिहायला हवं. मावशी आजही ते ऐकवते.

ही ढाल कुठे चालत नाही

हा बचाव फक्त ‘अंगात अंश’ या आरोपापुरता आहे. हातात कॅन असेल तर तो बाळगल्याचा आरोप होतो, तिथे विंडसरचं बिल उपयोगाचं नाही. येताना ड्युटी-फ्रीची बाटली आणली तरी तेच, कारण २१ च्या आतल्याला अमेरिकेत दारू आणता येत नाही.

गाडी चालवत असाल तर विषयच संपला. मिशिगनमध्ये २१ च्या आतल्या ड्रायव्हरला ०.०२ हीच मर्यादा आहे, आणि कुठे प्यायला याला तिथे किंमत नाही. रस्त्यावर समोरून येणाऱ्याला तुमची बिअर कुठल्या देशातली होती याने काय फरक पडतो? एक छोटा अपवाद त्या कलमात आहे, धार्मिक विधीतल्या घोटाचा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे चर्चमधली वाईन कशासाठी असते ते मला माहीत आहे. पण तीन बिअरला प्रार्थना म्हणून कुणी खपवू नये.

आणि फुंकायचं की नाही? गाडी न चालवणाऱ्या अल्पवयीनाला मिशिगनमध्ये ‘नाही’ म्हणता येतं. मग पोलिसाला कोर्टाचा हुकूम आणावा लागतो. हा हक्क भांडून मिळालेला आहे. हुकमाशिवाय पायी चालणाऱ्या मुलांना सक्तीने फुंकायला लावणं २००७ साली तिथल्या फेडरल कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं, आणि २००९ साली मिशिगनच्या अपील कोर्टाने ट्रॉय शहराचा तसाच नियम रद्द केला. ड्रायव्हरला मात्र नकार महाग पडतो.

एक कलम सगळ्यांनी लक्षात ठेवावं. मित्र बेशुद्ध होत असेल आणि तुम्ही मदतीला फोन केला किंवा त्याला दवाखान्यात नेलं, तर २०१२ पासून मिशिगनचा कायदा त्याबद्दल अशी पावती फाडत नाही. पावतीच्या भीतीने मुलं मित्राला खोलीत झोपवून ठेवत होती, म्हणून ही सूट आली.

शिवाय मिशिगन म्हणजे अख्खी अमेरिका नव्हे. मिनेसोटाचा कायदा बघा. अल्पवयात प्यायल्याचा खटला जिथे प्यायलं तिथे किंवा जिथे प्यायल्याची लक्षणं दिसली तिथे, दोन्हीकडे चालू शकतो, आणि त्यात दिलेला बचाव म्हणजे आईवडिलांच्या घरी, त्यांच्या संमतीने प्यायल्याचा. विस्कॉन्सिनमध्ये आईबाबा सोबत असतील तर मुलाला बारमध्येही चालतं. एका राज्यातला बचाव दुसऱ्या राज्यात घेऊन जाता येत नाही.

आपल्यासारख्यांचं काय?

दादा तिथला नागरिक होता. आपल्यापैकी जे शिकायला जातील ते भारतीय पासपोर्टवर जातील. त्यांना नदीपलीकडे जायलाच आधी कॅनडाचा व्हिसा लागतो. आणि शंभर डॉलरच्या पावतीपेक्षा मोठं काही त्यांच्या डोक्यावर असतं, म्हणजे व्हिसा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर शिक्षा होण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. हे धोरण २०१५ पासून आहे. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एकाएकी रद्द झाल्या. त्यात किरकोळ वाहतुकीच्या पावत्या असलेलेही होते. कोर्टकचेऱ्यांनंतर एप्रिलअखेर त्या नोंदी परत देण्यात आल्या. म्हणून तिथे पावती मिळाली तर ‘भरून टाक’ म्हणण्याआधी युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. काहीही मान्य करण्याआधी विचारा, नंतर नाही.

आणि आपली नदी?

आपल्याकडेही असा काठ आहे. बांद्याला महाराष्ट्र संपतो आणि पत्रादेवीला गोवा लागतो. गोव्यात वय १८. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१, बाकी दारूसाठी २५, आणि वर परमिट. ‘परमिट रूम’ या पाटीतलं परमिट ते हेच. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मूळ नियम बंदीचा आहे, पिणं हा परवान्याने मिळालेला अपवाद.

या कायद्याखाली ‘माझ्या अंगातली दारू कायदेशीर होती’ हा बचाव एकदा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आहे. १९५१ साली मुंबईतले आरटीओ अधिकारी बेहराम पेसिकाका यांच्या जीपचा अपघात झाला आणि तोंडाला दारूचा वास आला. त्यांनी सांगितलं, मी अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलं होतं. हायकोर्टाने शिक्षा दिली. पण औषधी तयारीवरची बंदी सुप्रीम कोर्टाने १९५१ सालीच बालसरा खटल्यात रद्द केलेली होती. म्हणून १९५४ साली कोर्टाने म्हटलं की वासावरून दारू कळते, पण ती बंदी असलेलीच दारू होती हे सरकारने सिद्ध करायला हवं. ते सुटले. नंतर कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त सापडलं तर ते औषध किंवा तत्सम होतं हे दाखवायचं ओझं कलम ६६ प्रमाणे आता आरोपीवर आहे.

या कलमातली यादी नीट वाचली तर फरक कळतो. औषध, टॉयलेट प्रिपरेशन, जंतुनाशक, इसेन्स, सिरप. म्हणजे ‘काय प्यायलं’ याची यादी आहे. ‘कुठे प्यायलं’ हे त्यात नाही. मिशिगनने एका वाक्यात जे लिहून ठेवलं ते इथे वकिलाला हद्दीच्या तत्त्वावरून मांडावं लागेल, की हा कायदा महाराष्ट्रापुरता आहे आणि पिणं महाराष्ट्रात झालं नाही. आणि तिथल्यासारखंच इथेही बाकीची दारं बंदच आहेत. गोव्याहून बिनपरवाना बाटली आणणं हा वेगळा गुन्हा. दारू पिऊन रस्त्यावर धिंगाणा घालणं हा वेगळा गुन्हा, तिथे पणजीचं बिल कुणी बघणार नाही. आणि गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलात तर २०१९ पासून पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. ३० मिलिग्रॅम म्हणजे किती? ०.०३. दादाचाच आकडा!

तर मुद्दा एवढाच, की कायद्याला तुमचं खरं आपोआप दिसत नाही. कुणी किती सिद्ध करायचं हे कलमात ठरलेलं असतं, आणि ज्याच्यावर ते ओझं आहे त्याच्याकडे कागद लागतो. पावती हातात आली की घाबरून पैसे काढू नका आणि आवाजही चढवू नका. कलमाचा नंबर बघा, मुदत बघा, आपल्यावर नेमका आरोप कशाचा आहे ते वाचा. प्यायल्याचा, बाळगल्याचा, अंगात असल्याचा की गाडी चालवल्याचा? चारही वेगळे आहेत आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे.

आणि हो, आपल्या हॉस्टेलच्या नियमात ‘प्राशन करून आवारात आढळल्यास’ एवढंच लिहिलंय. तिथे ना वय विचारलंय ना गाव. त्या कलमाला कुठल्याही बारची पावती चालत नाही.